बिनकवचाची अंडी

सुनेला मुळात बदकंच नकोशी होती, आणि त्यात तिचं फार काही चुकत होतं असंही नाही. बदक दिसायला गोंडस, पण खातं तिथेच घाण करतं, पितं तिथे चिखल करतं आणि त्याच चिखलात चोच खुपसून काय काय गिळतं, ते न पाहिलेलंच बरं. मागच्या अंगणात सासऱ्यांची पाच-सहा बदकं मोकाट फिरायची. त्यातल्या करड्या, वयस्क बदकीला सासरे आक्का म्हणायचे आणि तिच्याशी सुनेपेक्षा जास्त बोलायचे. सुनेला मात्र ते फिनेलबाई म्हणायचे, तेही चारचौघांत.

मग सासऱ्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, जखम चिघळली आणि दवाखान्यातला मुक्काम महिन्यावर गेला. जाताना त्यांनी एवढंच बजावलं होतं की आक्काला जप. पण फिनेलबाईला आयतंच रान मोकळं मिळालं. तिने कुंपणालगतच्या ओलीत मीठ टाकून गोगलगायी मारल्या. त्यांचा फेस होताना बघून तिला उमासे आले, तरी हात काही थांबला नाही. बदकांना चिखलातून हाकलून फरशीवरच्या जाळीत कोंडलं. पाण्याच्या टबाशेजारी एक फुटकं घमेलं होतं. त्यात कुटलेले शिंपले नि अंड्यांची टरफलं, वर माश्या आणि आंबूस दर्प. हा कसला उकिरडा जपलाय म्हाताऱ्याने, असं पुटपुटत तिने ते नाक दाबून कचऱ्याच्या गाडीत टाकलं. खायला भिजवलेला पाव सुरू झाला. अंगण कसं लख्ख झालं.

आणि अंडी बिघडली. आधी कवचं खरखरीत झाली, मग इतकी पातळ की उचलताना बोट आत जायचं, आणि शेवटी कवचाचा पत्ताच नाही. सकाळी पेंढ्यात हात घातला की कोमट, ओलसर, लिबलिबीत पिशवी हाताला लागायची. श्शी! एक तर तिच्या मुठीतच फुटली आणि बलक मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. हाताची सालटी निघायची वेळ आली तरी ती घासत होती. बदकंच रोगट, असा तिने निकाल देऊन टाकला. नवऱ्याने नेहमीप्रमाणे मान डोलावली. दवाखान्यात सासरे अंड्यांची चौकशी करायचे, तेव्हा भरपूर येतात म्हणून ती वेळ मारून न्यायची.

सासरे घरी यायच्या आदल्या दिवशी आक्का कोपऱ्यात फतकल मारून बसली ती उठेचना. शेपटी वरखाली होत होती आणि मागून एक पांढरट पापुद्रा लोंबत होता. त्यावर माशी बसलेली. सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. ही उद्यापर्यंत जगली नाही, तर सासऱ्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं? तिने जनावरांच्या डॉक्टरला बोलावून घेतलं.

डॉक्टरने आक्काला सुनेच्याच मांडीवर धरायला लावलं आणि बोटाला तेल लावून अडकलेलं अंडं मोकळं केलं. ते आतच फुटलं होतं. कुजका, चिकट रस नि पापुद्र्याचे तुकडे तिच्या साडीवर पडत राहिले, आणि तिला मान वळवून ओकावं लागलं. कॅल्शियमचं इंजेक्शन दिल्यावर डॉक्टरने तिचा अंगठा धरून आक्काच्या छातीच्या हाडावर ठेवला नि दाबायला सांगितलं. हाड ओल्या पुठ्ठ्यासारखं वाकलं.

"हे कडक लागायला हवं," डॉक्टर म्हणाला. "खाण्यातून चुना मिळेना, म्हणून हिने स्वतःची हाडं झिजवून कवचं केली. हाडंही पुरेनात, तेव्हा ही अशी अंडी सुरू झाली. शिंपले, गोगलगायी, काहीच मिळत नव्हतं का हिला?"

मिळत होतं, एवढंच ती म्हणाली. डॉक्टरने शिंपल्यांचा चुरा रोज ठेवायला सांगितलं, बाकीच्या बदकांना पुन्हा मोकळं सोडायला सांगितलं, आणि अंडी थांबावीत म्हणून आक्काला काही दिवस अंधाऱ्या खोक्यात ठेवायला सांगितलं.

सकाळी जीव मुठीत धरून तिने खोकं उघडलं. आक्का जिवंत होती, आणि तिच्या पोटाखाली आणखी एक तसलीच पिशवी होती. एवढं होऊनही या वेडीने पुन्हा अंडं घातलं होतं. आजवर सुनेला गोगलगायींची किळस आली होती, माश्यांची, बलकाची आली होती. आता स्वतःचीच आली, आणि ती काही केल्या जाईना.

दुपारी सासरे आले. पलंगावर टेकायच्या आधीच त्यांनी आक्काने अंडं घातलं का म्हणून विचारलं. घातलं म्हटलं असतं तरी निभावलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण सुनेने आक्काला उचलून आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"बाबा, शिंपल्यांचं घमेलं मी फेकलं," ती म्हणाली. "गोगलगायीही मीच मारल्या."

सासऱ्यांनी सवयीने आक्काच्या छातीवरून बोटं फिरवली. बोटं हाडापाशी थांबली. त्यांनी हलकेच दाबून पाहिलं आणि हात चटकन मागे घेतला. मग त्यांनी सुनेकडे पाहिलं. ती अंगणातल्या घाणीकडे बघायची ना, अगदी तसंच.