अंगावर न येणारी चांदणी

देवाजीभाऊ आठवतात ते चैत्रातल्या कलत्या उन्हात, तलावाच्या पाळीवर उकिडवे बसलेले. अंगाला ओल्या जाळ्याचा वास, पाण्यावरच्या तिरिपेनं बारीक झालेले डोळे, आणि आवाज इतका खालचा की पाणकोंबडीही बिचकू नये. साऱ्या आयुष्यात डोंग्यातून, त्या चिंचोळ्या होडीतून, मासेमारी करण्याखेरीज काही न केलेला हा माणूस आकाशाकडे पाण्याकडे पाहावं तसाच पाहायचा. काय हललं, काय नाही हललं, एवढंच.

त्या वर्षी माझ्या मोबाईलवर एक व्हिडिओ आला. पश्चिमेची ठळक चांदणी म्हणजे पृथ्वीवर चालून येणारा ग्रह, येत्या अमावास्येला सारं संपणार, असं कुणी सुटाबुटातला माणूस सांगत होता. तो पाळीवर सगळ्यांना दाखवणारा मीच. अतिशहाणपणा नडतो तो असा.

भाऊंनी तो शेवटपर्यंत पाहिला. मग पाच दिवस, सूर्यास्तानंतरची जांभळी संधिप्रभा पाण्यावर विरत असताना, हात लांब करून त्यांनी आम्हांला चांदणी आणि कृत्तिकांचा पुंजका यांतलं अंतर मोजून दाखवलं. पहिल्या सांजेला ती पुंजक्याच्या बोटभर खाली होती, पाचव्या सांजेला बोटभर वर.

“सरळ आंगावर येनारा डोंगा जागचा हालत नाई, नुसता मोठा होत जाते,” ते म्हणाले. “अन् जो काठावरची झाडं मांगं टाकते, तो बाजूनं निंगून जाते. हे चांदनी कृत्तिका मांगं टाकून राह्यली. आपल्यावर काऊन येईन?”

“भाऊ, तुमी कोन्या कालेजात शिकले जी?” कुणीतरी विचारलं.

“डोंग्यात,” भाऊ म्हणाले, आणि सगळे हसले. त्या हसण्यात त्यांचं म्हणणं वाहून गेलं.

आमच्याकडे उन्हाळ्यात तलावाचं पाणी आटून उरलेल्या डोहात कुणी जाळं टाकत नाही; अंड्यांवर येणाऱ्या गावठी मासोळ्या तिथं पावसाची वाट पाहत थांबतात, आणि त्यांच्यावरच पुढचं साल. आज्या-पणज्यानं पाळलेली ही रीत. पण मोबाईलमधल्या माणसाचा आवाज गुळगुळीत होता, भाऊंचा घोगरा. “दुनियाच नाई राहत तं बीज कोनासाठी ठेवाचं?” एवढ्या एका प्रश्नानं जाळी डोहात उतरली. भाऊ छातीभर पाण्यात जाळ्यांची वाट अडवून उभे राहिले. त्यांना दंडाला धरून बाजूला करणाऱ्यांत मी होतो, आणि जाळ्याचं एक टोकही माझ्याच मुठीत होतं. लाज वाटते, पण होतं. गाव पोटभर जेवलं.

अमावास्या आली, गेली. दुसऱ्या दिवशी सूर्य ठरल्या जागी उगवला. भाऊ पाळीवर बसून जाळं सांधत होते. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरला. पण गावठी मासोळी दिसेना: दाडक नाही, मरळ नाही. रोहूचं बीज विकत मिळतं, यांचं कुठून आणायचं? भाऊ रोज जाळं टाकत, आणि तेच ओलं जाळं झटकून घरी जात. दोन सालांनी ते गेले. आम्ही आता मूल गावी राईस मिलमध्ये पोती उचलतो.

माझ्या धाकट्या भावाची नुकतीच लग्न होऊन आलेली बायको परवा पाळीवर उभी राहून म्हणाली, “तलाव केवढा भरून हाये जी तुमचा!” मी हो म्हणालो. रिकामेपण ओळखायला आधी भरलेलं पाहावं लागतं. ते पाहिलेले डोळे एकेक करून मिटत चाललेत, आणि शेवटचे मिटले की हा तलाव कुणालाच रिकामा वाटणार नाही.