मामाची मांडी

मुलांनो, अशी कल्पना करा की तुम्ही वाळूत बसला आहात. डोक्यावर कापडाचा तंबू, समोर पांढरा पडदा. तुमच्या पुढच्या माणसाने वाळूचा ढीग करून त्यावर बैठक मारली आहे आणि मागचा एक जण त्याच्या पाठीत बोट खुपसून म्हणतो आहे, "ए देवळाच्या गोपुरा, खाली बस की!" एवढ्यात पडद्यावर एक माणूस येतो. हातात चाबूक. त्याची डावी भुवई हळूच वर चढते, मिशीचं टोक थरथरतं आणि तो हसतो. त्यासरशी बायकांच्या बाजूने एक म्हातारी उठते, मूठभर वाळू पडद्यावर फेकते आणि ओरडते, "मेल्या, तुझं मढं जावो!"

आलं डोळ्यांसमोर? आता याहून थोडं अवघड. अशी कल्पना करा, की तो माणूस तुमचा सख्खा मामा आहे.

पडद्यावर त्याचं नाव रुद्रवेल. घरचं नाव सुडलैमुत्तू. अंबासमुद्रमजवळच्या एका खेड्यात तो जन्मला, वडील गेल्यावर नवव्या वर्षी मुलांच्या नाटक कंपनीत दाखल झाला. तिथे तलवार शिकला, गाणं शिकला, उच्चार चुकला म्हणून वेताच्या छड्या खाल्ल्या. आधी माकड झाला, मग द्वारपाल, मग राक्षस. राक्षस असा झाला की मद्रासचे सिनेमावाले त्याला उचलूनच घेऊन गेले. एकशे तीस चित्रपटांत त्याने दुष्टाचं काम केलं, आणि एकशे तीस वेळा शेवटी मेला.

खऱ्या आयुष्यात तो मुंगीलाही वळसा घालून जाणारा माणूस. पण हे लोकांना कळू नये, अशीच त्याची इच्छा. तो म्हणायचा, "नायकाला हार मिळतात, मला शिव्या मिळतात. शिव्या कमी झाल्या की समजायचं, काम घसरलं." स्टेशनवर पोरं भोवती जमली, की तो मुद्दाम भुवई चढवायचा आणि ते हसू हसायचा. पोरं चपला टाकून पळत. त्याला मोठी गंमत वाटे. तिकडे घरोघरी आया पोरांना दटावत, "जेवतोस की रुद्रवेलला बोलावू?" हे कानावर आलं, की त्याला बक्षीस मिळाल्यासारखं होई.

गावात त्याची एकुलती धाकटी बहीण होती, भाग्यम. तिला लग्नानंतर नऊ वर्षांनी मुलगी झाली, पूंगोडी. आता तिकडची रीत अशी, की मुलाचे कान टोचायचे ते मामाच्या मांडीवर. बाप असो, काका असो, त्यांचं काम नाही. मामा नसेल तर गोष्ट वेगळी. पण मामा असून मांडी मिळाली नाही, तर बहिणीला सासरी मान वर करता येत नाही.

पहिल्या वर्षी भाग्यमने पत्र पाठवलं. उत्तर आलं : चित्रीकरणातून मोकळ्या तारखा नाहीत. दुसऱ्या वर्षी तो म्हैसूरच्या जंगलात चित्रीकरणात अडकला. तिसऱ्या वर्षी घोड्यावरून पडून पाय प्लास्टरमध्ये. मग पुन्हा तारखा. सासू म्हणू लागली, "आता कान लग्नातच टोचा, नवऱ्याच्या मांडीवर!" भाग्यम खाली मान घालून तांदूळ निवडत राही. फार पुढे, म्हातारपणी, पेपरवाले रुद्रवेलला विचारत, कुठल्या चित्रपटाची खंत वाटते? तो म्हणे, चित्रपटाची नाही, तारखांची.

कारण पहिल्या वर्षी तो आला असता, तर पूंगोडीला मामा म्हणजे काय तेही कळलं नसतं. तो आला ती सहा वर्षांची झाल्यावर. तोवर गावाबाहेर सिनेमाचा तंबू लागून गेला होता आणि पूंगोडीने त्याचे तीन चित्रपट पाहिले होते. तिसऱ्यात त्याने नायकाच्या आंधळ्या आईला विहिरीत ढकललं होतं.

नदीकाठी, झाडीत, त्यांच्या कुलदैवताचं, शास्ताचं देऊळ. सकाळी न्हाव्याने पूंगोडीचं डोकं तुळतुळीत करून चंदन फासलं होतं. चुलीवर पायसम, म्हणजे तिकडची खीर, शिजत होतं. मामाची मोटार आली. रेशमी परकर, सोन्याच्या कुड्या, फळं, खडीसाखर अशी एकवीस ताटं उतरली आणि सगळ्यांत शेवटी तो उतरला.

पूंगोडीने एकदा पाहिलं आणि बापाच्या गळ्याला मिठी मारली.

"विहिरीत ढकलेल! आप्पा, मला विहिरीत ढकलेल!"

लोक आधी हसले. एक आजीबाई मात्र पुढे सरसावल्या. "हसताय काय? लेकरू खोटं बोलतंय का? मी पण पाहिलंय, ढकललंच याने!"

"आजी, ती विहीर लाकडाची होती," रुद्रवेल म्हणाला. "दोन हात खोल. खाली गादी होती."

"मग त्या आंधळीला तसं सांगायचं नाही होय रे?"

तो पोरीकडे वळला आणि हसला. ते तेच हसू होतं. तीस वर्षं घोटलेलं. पूंगोडीने अशी किंकाळी फोडली की झाडावरची माकडं पळाली. त्याच्यापाशी दुसरं हसूही होतं कधीतरी, पण फार दिवस वापरलं नव्हतं, आणि ऐन वेळी काही ते सापडेना.

पुजाऱ्याने सूर्याकडे पाहिलं. "मुहूर्त टळतोय बरं का."

सासू म्हणाली, "थोरल्या काकाच्या मांडीवर बसवा की. सहा वर्षं वाट पाहिली, पुरे झालं."

भावाने आणलेली ताटं भाग्यमने उगाच उचलून पुन्हा जागच्या जागी ठेवली. तिचे ते हात रुद्रवेलने पाहिले. तो तडक निघाला आणि झाडाखाली बसलेल्या न्हाव्यासमोर जाऊन बसला.

"मिशी काढ."

न्हाव्याच्या हातून वाटी सुटली. "मालक, ही तुमची एकट्याची आहे होय? साऱ्या मुलखाची आहे ती! माझ्या बायकोला कळलं तर मला घरात घेणार नाही."

"सोमवारी चित्रीकरणाला गोंदाने चिकटवीन. काढ म्हणतो ना."

मिशी गेली. ओठांवरची कातडी पांढरीफटक निघाली. अंगावरचा रेशमी सदरा काढून त्याने साधं उपरणं घेतलं. तो परत आला तेव्हा त्या आजीबाईंनीसुद्धा त्याला बसायला जागा करून दिली.

पूंगोडीचा बाप वैकुंठम हुशार. तो मुलीला म्हणाला, "तो दुष्ट मामा गेला बघ. हा तुझा सिलोनचा मामा. कँडीला चहाच्या मळ्यात असतो."

रुद्रवेलने नाही म्हणायला तोंड उघडलं, तशी भाग्यम घाईने पुढे झाली. तिच्या भावाचा आवाज खर्जातला; तंबूत तो तिने पोरीबरोबर बसून ऐकला होता. "याला बोलता येत नाही गं," ती म्हणाली. "मुका आहे बिचारा." म्हणताना तिने भावाकडे पाहिलं नाही.

त्याने तोंड मिटलं आणि मान डोलावली.

पूंगोडी मांडीवर बसली. थोडा वेळ अवघडून, मग ऐसपैस. तिने त्याच्या पोटाला टेकून मान वर केली. "सिलोनमामा, तू त्या मोटारवाल्याला ओळखतोस?"

त्याने मान हलवली. नाही.

"बरं झालं. फार वाईट आहे तो. तो आला ना, तर तू मला धरून ठेव हं. आणि मी तुझ्या घरी येईन. त्याच्याकडे कध्धी जाणार नाही. तू रडतोयस? घाबरू नको, टोचणार मला आहेत."

भोवतीची माणसं आता हसत नव्हती. चुलीवरचं पायसम खाली लागल्याचा वास आला, तरी कुणी उठलं नाही. सहा वर्षं हुकलेली मांडी आज मिळाली, पण ती रुद्रवेलची नव्हती. मद्रासच्या कुठल्याही दिग्दर्शकाने त्याला इतकं अवघड काम दिलं नव्हतं.

सोनाराने उजव्या कानाची पाळी चिमटीत धरली. सोन्याची तार आत गेली. पूंगोडी कळवळून ओरडली, तिचं सारं अंग ताठ झालं, आणि त्या क्षणी रुद्रवेल कँडी विसरला, मुकेपण विसरला.

"झालं, झालं गं राणी माझी. एवढंच होतं."

आवाज हळू होता. हळू बोलला की तो जास्तच भीतिदायक वाटे. त्याची सारी ख्याती त्या हळू आवाजावरच उभी होती. भाग्यमने डोळे मिटून घेतले. सोनार दुसरी तार हातात धरून तसाच थांबला.

पूंगोडीचं रडणं मध्येच तुटलं. तिने मान वळवून त्याच्या तोंडाकडे पाहिलं. ओठांवरच्या पांढऱ्या पट्ट्याकडे पाहिलं. मग डाव्या भुवईकडे पाहिलं, बराच वेळ. भुवई जागची हलली नाही. त्याने तिला धरलेले हातसुद्धा सैल सोडले होते. उठून पळायचं असेल तर पळू दे म्हणून.

"तूच आहेस ना तो?" तिने विचारलं.

त्याचे ओठ नुसते हलले.

पूंगोडीने आपला छोटा, अश्रूंनी ओला झालेला तळहात त्याच्या तोंडावर गच्च दाबून धरला, आणि दुसरा कान सोनारापुढे केला.