सेप आटेपर्यंत

पौर्णिमाने गंजातला गर सराट्याने तळापासून उचलला आणि एक थेंब ताटलीत टाकला. थेंबाभोवती पाणी सुटलं. अजून अर्धा तास तरी लागणार होता.

"बटर म्हणते अन् लोणी तं दिसतच नाई याच्यात," तानाबाई म्हणाली. सासू चुलीपासून जरा दूर पाय पसरून बसली होती. मांडीवर नऊ महिन्यांची संबोधी.

"लोणी नसते आई. पोळीवर लोण्यासारखं लागते, म्हणून."

"मंग हलवाच म्हण ना व. हलव्यासाठी पोलीस येत नाई."

शेजारची काजल सालं काढता काढता हसली आणि लगेच फाटकाकडे बघू लागली.

तीन दिवसांपूर्वी, हायवेवर जाम गावच्या चौकाअलीकडे, पहाटे एक ट्रक उलटला होता. काश्मीरचे सेप, शहरी भाषेत सफरचंदं, हैदराबादला चालले होते. मागचा भाग रस्त्यावर आणि ड्रायव्हरची केबिन खाली नाल्यात, तोंडावर. ऊन वर येईपर्यंत गावाने ट्रक रिकामा केला. पहिल्या दिवशी घराघरांत पोरं दोन्ही हातांत सेप घेऊन फिरली. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर मेल्याचं कळलं, पोलिसांची जीप आली, आणि सेप लपवायची वस्तू झाली. सालं बकऱ्यांपुढे टाकली. संध्याकाळपर्यंत बकऱ्यांनीही तोंड फिरवलं.

तेव्हा पौर्णिमाच म्हणाली होती, की आटवून टाका. वर्ध्याला कॉलेजात तिने गृहविज्ञान केलं होतं. सालं काढा, बिया काढा, शिजवून गाळा, गूळ आणि दालचिनी घालून आटवा. टोपलीभर सेप दोन शिशांत मावतात आणि रंगही विटेसारखा होतो, काय होतं ते कोणी सांगू शकत नाही. तेव्हापासून गल्ली आपापले गंज घेऊन तिच्या अंगणात येत होती. लग्नाला तीन वर्षं झाली. कोणी तिला काही विचारायला येण्याची ही पहिलीच वेळ. तिला बरं वाटलं होतं. शिशा ती वीस मिनिटं उकळत होती, झाकणं वेगळी.

"ढाबेवाला सांगून राह्यला," काजल हळू आवाजात म्हणाली, "सात वाजता तो नाल्यात उतरला तं ड्रायव्हरचा श्वास चालू होता म्हणे. गाडीत टाकेपर्यंत संपला."

"मागून भरणाऱ्याले समोरचं काय दिसते?" तानाबाई म्हणाली.

"तेच तं पोलीस इचारून राह्यले काकू. सातच्या आधी कोण कोण गेलतं. कोणीतरी त्याले पाह्यलं असंन, अन् तसंच सोडलं असंन. त्याले अटक करते म्हणे."

सराटा थांबला. तळाला लागल्याचा वास आला तशी पौर्णिमा पुन्हा ढवळू लागली. गोठ्यामागे तिचा नवरा विवेक लाकडं फोडत होता. तीन दिवसांत त्याने सेपाची एक फोडही तोंडात घातली नव्हती. लेकीला उचललं नव्हतं. ड्रायव्हर पळून गेला, असं तोच त्या दिवशी म्हणाला होता.

फाटक वाजलं. काजलने सालांची परात पदराखाली ओढली आणि मागच्या दाराने निघून गेली.

पोलीस पाटील हरिदास बाजेवर येऊन बसले.

"काय वास सुटला, तानाबाई."

"कोहळ्याचा हलवा हाय."

"हो ना. पुऱ्या गावानंच कोहळ्याचा हलवा केला यंदा." ते हसले नाहीत. "सेपाचं मले काही नाई. माणूस गेला, त्याचं हाय. उद्या साहेब येते, त्याइले नावं द्या लागते." मग पौर्णिमाकडे वळून म्हणाले, "सूनबाई, तू शिकेल हाय, तुले इचारतो. विवेक त्या दिवशी किती वाजता गेलता?"

संबोधीला ती घड्याळ बघून पाजत असे. त्या दिवशी सव्वासहाला विवेक धापा टाकत आला होता. दुपट्ट्यातले सेप त्याने ओट्यावर सोडले आणि सरळ माठाकडे गेला, झाकण काढलं. पौर्णिमाने मात्र सेपच बघितले. इतके लाल सेप तिने बाजारातही पाहिले नव्हते. सोयाबीनची दोन रिकामी पोती तिने त्याच्या हातात दिली होती. 'लवकर जा, लोक येतील.' तो काहीतरी बोलणार होता, असं तिला आता वाटलं. मग त्याने झाकण पुन्हा माठावर ठेवलं होतं.

"आठला," ती म्हणाली. "आठ वाजून गेले होते. सातपर्यंत तर झोपूनच होते ते."

गोठ्याच्या कोपऱ्यावर विवेक लाकडं कवटाळून उभा होता. तो खाली बसला आणि एकेक लाकूड जमिनीवर ठेवू लागला. आवाज न करता.

"आठ," हरिदास म्हणाले. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, उठले. "एक शिशी देजो बापा त्या कोहळ्याची. बुढीले दात नाई."

ते गेले. तानाबाई नातीला घेऊन आत गेली. विवेक चुलीजवळ आला.

"मी तुले खोटं बोलाले म्हटलं होतं का?"

"नाही."

"मंग काऊन बोलली?"

ती ढवळत राहिली. गर आता सराट्याला धरून होता, पडत नव्हता.

"काच फुटेल होती," तो गंजाकडे बघत म्हणाला. "त्यानं माहं मनगट धरलं. पानी, पानी, एवढंच बोले. म्हटलं, छोड भाऊ, आणतो." त्याने आपलं मनगट चोळलं. "सोडलं त्यानं."

"परत गेलात तेव्हा?"

"लोक आले होते तोवर. भरून राह्यले होते." त्याने दोन्ही तळवे तिच्यापुढे उघडले. "माह्या हातात पोते होते, पौर्णिमा."

चुलीतलं लाकूड सरकलं. दोघांपैकी कोणीही ते आत लोटलं नाही.

दारातून तानाबाई बाहेर आली. कडेवर संबोधी, हातात कालची शिशी आणि चमचा.

"पोरगी शिशीकडेच झेप घेऊन राह्यली व. लावू का तोंडाले थोडंसं?"

"गरम आहे," पौर्णिमा म्हणाली.

तानाबाईने चमचा आपल्या ओठाला लावून पाहिला.

"कुठी व? थंडगार हाय."