पहाटे भेटणारी माणसं

साथ ओसरली, पण लोकांची झोप काही परत आली नाही. स्वप्नबाबांनी कापडाच्या बंद दुकानात बैठक मांडली तेव्हा रांग थेट चौकात पोचली.

बाबा समोरच्याच्या कपाळावर हात ठेवत. "बाळ, स्वप्नात तू गर्दीत असतोस. तोंडावर मास्क नाही. पळायला जातोस, तर पाय उचलत नाहीत!"

"अगदी हेच!" माणूस गहिवरे. साऱ्या गावाला हेच स्वप्न पडत होतं. पण शेजाऱ्याला विचारायचं कुणी?

मग बाबा मंतरलेल्या पाण्याची बाटली देत. झोपताना अख्खी प्यायची, गेलेलं माणूस पहाटे स्वप्नात भेटणार. आणि भेटतही होतं.

सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या वहिनीला तर रोज. तिचा नवरा, नर्सबाईंचा थोरला भाऊ, साथीत गेला होता. शेवटचं तोंडही दिसलं नव्हतं. डॉक्टरांच्या गोळ्यांनी ती कुठे जेवायला लागली होती, तर आता गोळ्या बंद.

"बाबा म्हणाले, गोळ्यांनी ह्यांची वाट अडते. आज हे म्हणाले, एकटी किती दिवस राहणार? ये."

नर्सबाईंना त्या 'ये'चा अर्थ कळला. पण त्यांनी आवाज साधाच ठेवला. "मग जाग कशानं आली?"

"लघवीला. रोज येते."

"बाटलीभर पाणी प्यायल्यावर दुसरं काय होणार?"

"वन्सं, चेष्टा नको."

"चेष्टा नाही. वॉर्डात पहाटे ताप बघायला उठवलं की पेशंट स्वप्नं सांगतात. उजाडेपर्यंत झोपू दिलं की म्हणतात, काही पडलंच नाही. पहाटे स्वप्नं खूप पडतात, मध्येच उठलं की लक्षात राहतात. बाबांचं पाणी आज रात्री नको, उद्या सकाळी पी. मंत्र काही घड्याळ बघत नाही. आज रात्री बाटलीभर नळाचं मी पिते."

सकाळी वहिनी आठ वाजता उठली. कुणी भेटलं नव्हतं. बाबांची बाटली तिने चहाआधीच संपवली; दुपारपर्यंत नुसत्या मोरीकडे फेऱ्या झाल्या.

नर्सबाईंचे डोळे मात्र लाल होते. "दादा आला होता. नळाच्या पाण्यावर."

"तुम्हालाही 'ये' म्हणाले?"

"छे! माझ्याच ताटातलं उचलून खात होता. वहिनी, आपल्या मनात असतं तेच तो बोलतो. जावंसं तुला वाटतंय."

वहिनीने रिकामी बाटली बाजूला सारली. मग म्हणाली, "वाटतं खरं."

त्याच दुपारी दोघी डॉक्टरांकडे गेल्या. वाटेत नर्सबाईंनी रांगेला सल्ला दिला, "रात्री पाणी कमी पिऊन बघा." लोकांना उजाडेपर्यंत झोप लागू लागली आणि चार दिवसांत चौक मोकळा झाला. बाबांनी जलतत्त्व कोपल्याचं जाहीर केलं आणि गाव सोडलं.

गेलेलं माणूस स्वप्नात आलं तर रडावं, हसावं. पण ते बोलवायला लागलं, तर आपलं मन आजारी आहे असं समजावं, आणि उजाडताच घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगावं.