निळी शाल

"जाऊबाई, सुयुंचू!" कलीपा अंगणात शिरली ती ओरडतच.

सुयुंचू म्हणजे चांगली बातमी आणणाऱ्याचं बक्षीस. ते नाकारणाऱ्याची नारिन नदीकाठच्या त्या गावात छी-थू होते. जिपारने वाळवणासाठी घट्ट दह्याचे गोळे वळता वळता मान वर केली.

"परदेशातली लॉटरी लागली मला. फोनवर निरोप आलाय, 'हजारोंमधून एकट्या तुम्हीच' म्हणून."

जिपारने हातातला गोळा दाबून चपटा केला. दुभती घोडी हिची, सासूची माया हिच्यावर, आता लॉटरीही हिलाच! तिने दातओठ खात पेटीतली कोरी निळी शाल काढून दिली. आणि सुयुंचू दिला की बातमी खरी धरायची, मागाहून शंका काढायची नाही, ही तिकडची रीत.

"आधी कर भरायचाय," कलीपा शाल पांघरत म्हणाली. "रविवारी घोडी विकते."

"तिकीट कधी काढलंस?"

"काढलंच नाही. नशीब लागतं, जाऊबाई."

ती गेल्यावर जिपारने आपला फोन काढला. 'हजारोंमधून एकट्या तुम्हीच.' मागच्या शरदात तिलाही हाच निरोप आला होता. त्या करापायी तिने सोन्याची कर्णफुलं विकली आणि ती गवतात हरवली असं गावभर सांगितलं. पैसे पोचल्यावर पलीकडचा फोन मुका झाला. तरी निरोप तिने पुसला नव्हता. एकटीला निवडलं असं तिला जन्मात कोणी म्हटलं नव्हतं.

बुडू दे मेलीला, ती मनात म्हणाली. दोन दिवस तिला हे फार गोड लागलं.

रविवारी कलीपा घोडी घेऊन निघाली. मागे अंगणात बांधून ठेवलेलं तिचं शिंगरू खिंकाळत राहिलं. जिपारला ते ऐकवेना. तिने धावत जाऊन दोर धरला.

"जळता तुम्ही माझ्यावर," कलीपा म्हणाली.

"जळतेच. तू या घरात आलीस तेव्हापासून जळते. पण हे वाच."

कलीपाने दोन्ही फोन शेजारी धरले. शब्द न् शब्द तोच होता.

"म्हणजे तुमची कर्णफुलं..."

"गवतात नाही पडली. काढलंच नाही ते तिकीट लागतं कसं गं? बक्षिसाआधी पैसे मागतो तो चोर."

कलीपाने घोडीचं तोंड घराकडे वळवलं.

"आता सुयुंचू दे मला," जिपार म्हणाली. "घोडी वाचली तुझी."

कलीपाने खांद्यावरची निळी शाल काढून दिली. जिपारने डाग पडलाय का ते उलटसुलट करून पाहिलं. शाल कलीपालाच जास्त शोभत होती, आणि ते तिला घरी पोचेपर्यंत खुपत राहिलं.