बिघडलेले घड्याळ

वयाच्या चौसष्टाव्या वर्षी ट्रायथलॉनची तयारी करताना पोहणे आणि सायकल अंगवळणी पडली होती. प्रश्न होता तो धावण्याचा. आमच्या शहरातली, नानाखेडा ते देवास गेट अशा फेऱ्यांची ही अर्धमॅरेथॉन पूर्ण झाली, तरच पुढचा अर्ज भरायचा, असे माझे आणि सूनबाई देवश्रीचे ठरले होते. तीही माझ्याबरोबर धावत होती.

देवास गेटला शेवटचे वळण घेतले आणि मनगटावरच्या घड्याळाने नाडीचे ठोके एकशे नव्वद दाखवले.

"बाबा, हे काय?"

"खराब आहे. महिनाभर असेच करते."

"महिनाभर? आणि मला सांगितलं नाहीत?"

"बिघडलेल्या यंत्राची तक्रार दुकानदाराकडे करतात, सुनेकडे नाही."

ती हसली आणि तिलाच धाप लागली. मला लागली नाही.

पॉलिटेक्निकातून बाहेर पडल्यापासून निवृत्तीपर्यंत मी पाणीपुरवठ्याच्या पंपघरात उपकरणे सांभाळली. पंपाचा आवाज एकसारखा असेल आणि काटा एकटाच उडत असेल, तर दोष गेजचा, हा नियम तिथे कधी खोटा ठरला नाही. माझा श्वास सम होता, पाय हलके होते. म्हणून महिनाभर मी घड्याळाचा पट्टा आवळत होतो, मनगट बदलत होतो, काच पुसत होतो.

समाप्तीची कमान दिसू लागली, तेव्हा देवश्रीने मला दंडाला धरून रस्त्याकडेच्या वैद्यकीय मंडपात नेले. तिथे विहंग नावाचा तरुण डॉक्टर होता.

"अंकल, बैठिए."

"बसायला वेळ नाही. कमान समोर आहे."

"कमान कुठे पळत नाही, काका," तो मराठीवर आला आणि त्याने माझ्या बोटाला चिमट्यासारखे यंत्र लावले. आकडा जवळजवळ तोच आला.

"आधी स्वतःच्या बोटाला लावून दाखवा."

त्याने लावले. आकडा साधा होता. देवश्रीच्या बोटाला लावले. इतके धावून आलेली ती, तरी माझ्यापेक्षा बरीच खाली. मग त्याने माझ्या छातीला तारा जोडून कागदाची पट्टी काढली. आलेख वाचायला मला कोणाची गरज नव्हती. शिखरांमधली अंतरे असमान होती. एक जवळ, एक लांब, पुढचे त्याहूनही जवळ.

"छातीत दुखतं?"

"नाही."

"चक्कर? घाबरल्यासारखं?"

"नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही," मी म्हणालो, आणि माझाच आवाज मला परका वाटला.

"आता एक पाऊलसुद्धा धावायचं नाही. सरळ हॉस्पिटल."

"तू जा, देवश्री. तुझी शर्यत पूर्ण कर."

"गप्प बसा, बाबा."

लग्न होऊन आल्यापासून ती माझ्याशी अशी कधी बोलली नव्हती. तिने पाण्याची बाटली माझ्या हातात कोंबली.

रुग्णवाहिका आली. मी उठून उभा राहिलो. चालकाने मंडपात डोकावून विचारले, "पेशंट कौन है, भिया?"

त्याची नजर मला ओलांडून मागच्या खाटेवर गेली. ती रिकामी होती. मंडपात सर्वांत ताठ उभा मीच होतो. मला हात वर करावा लागला.