वादी होती, सुया होत्या

मी पायाने चालवायची शिलाई मशीन. दुकानातल्या खिडकीखालच्या कोपऱ्यात उभी असते. आधीच सांगून टाकते, माझं मन काही मोठं नाही. मी जळते, आणि चांगली जळते.

मालकिणीच्या वडिलांनी मला आणलं तेव्हा ती सतरा वर्षांची होती. माझा काळा रंग नुसता लखलखत होता, अंगावर सोनेरी वेल होती. पहिल्या दिवशी तिने उशीचा अभ्रा शिवला, तोही तिरका. पुढे याच पायपट्टीवर पाय मारून तिने दुकान उभं केलं, मुलाला वाढवलं, त्याचं लग्न लावून दिलं. अठ्ठावीस वर्षं आम्हा दोघींच्या मध्ये कुणी नव्हतं.

मग सून आली आणि सुनेमागोमाग ती विजेची मशीन आली. पांढरी, गुळगुळीत, बटण दाबलं की काज तयार! तिला दिव्याखालची जागा मिळाली आणि मला हा कोपरा. गिऱ्हाइकं तिच्याकडे कौतुकाने बघायची आणि हातातल्या पिशव्या माझ्यावर ठेवायची. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

सून मोठी विचारी. एका दुपारी ती कागद-पेन घेऊन बसली.

"आई, आपलं दुकान म्हणजे दोन बायका आणि एक विजेची मशीन. उद्या काही झालं तर काय करायचं, ते आजच लिहून ठेवू."

"अगं, जरा चांगलं बोल की!"

"चांगलं बोलून गेलेली वीज परत येते का?"

कागद तयार झाला. कापड वेळेत आलं नाही तर कुणाकडून आणायचं, दुकानात पाणी शिरलं तर गठ्ठे कुठे हलवायचे, आणि वीज गेली तर मी! माझं चाक फिरवणारी नवी वादी, तीन जादा सुया, तेलाची कुपी, सगळं कुठे ठेवलंय ते लिहून कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. दर शनिवारी मला अर्धा तास चालवून बघायचं, असंही ठरलं.

शनिवार आमचा झाला. मालकीण तो कुणाला देईना. सून बसायला आली की म्हणायची, "सर बघू, तुला नाही जमायचं." मीही तेच दाखवून द्यायची. सुनेचा पाय लागला की चाक उलटं फिरवायची, दोरा तोडायची, आणि मालकीण बसली की कशी अगदी सुरळीत चालायची. मनातून वाटायचं, वीज जावी. चांगली आठवडाभर जावी आणि त्या पांढरीचा तोरा उतरावा.

आणि गेली. शुक्रवारी वादळात खांब पडले, तीन दिवस वीज येणार नाही असं कळलं. नव्या दवाखान्याचे बत्तीस पांढरे कोट सोमवारी सकाळी द्यायचे होते, आणि शिवून झाले होते अकरा. वेळेत दिले तर वर्षभराचं काम आमचं, नाहीतर चौकातल्या शिंप्याचं. सुनेने शांतपणे कपाट उघडून कागद वाचला. वादी होती, सुया होत्या, तेल होतं. पाय मात्र नव्हते. चारच दिवसांपूर्वी वरच्या फळीवरचं कापड काढताना मालकीण स्टुलावरून पडली होती आणि तिचा उजवा गुडघा प्लास्टरमध्ये होता.

सुनेने कपाळाला हात लावला. "सगळं लिहिलं हो मी. चालवणार कोण, तेवढंच नाही लिहिलं."

मग तीच बसली. मी सवयीने दोरा तोडला. तिने ओवला, मी पुन्हा तोडला. सातव्यांदा तुटला तेव्हा तिचे डोळे भरून आले.

मालकीण खुर्चीतून बघत होती. ती हळूच म्हणाली, "तुला येत नाही असं नाही गं. मीच कधी येऊ दिलं नाही. नवी तर तुझीच आहे. हीसुद्धा तुझी झाली तर माझं इथे काय उरलं, असं वाटायचं."

मी चपापलेच. मला वाटायचं, या दुकानात मी एकटीच जळते.

"चाकाला आधी हाताने पुढे ढकल," मालकीण सांगू लागली. "आता पाय. आधी टाच, मग बोटं. घाई नको."

मी पुढे फिरले. सुनेसाठी नाही, मालकिणीच्या आवाजासाठी फिरले. सोमवारी सकाळी शेवटच्या कोटाला बटण लागलं आणि बत्तीसच्या बत्तीस कोट वेळेत गेले.

आता कागदावर एक नवी ओळ आहे: दोघींना दोन्ही मशीन यायलाच हव्यात. काम वाढलंय, त्यामुळे मी रोज चालते. सून मला नीट सांभाळते, तक्रारीला जागा नाही. पण डॉक्टरांनी मालकिणीला पायमशीन कायमची बंद केली आहे. त्या पांढरीला डाव्या पायाचा जरासा दाब पुरतो. म्हणून मालकीण आता दिव्याखाली बसते, तिच्यापाशी. दिवसभर मला मालकिणीची पाठ दिसते.

बाई गं, कोट शिवायला नको, टीप मारायला नको. दुकान बंद करताना एकदा माझ्यापाशी येऊन नुसती बस. पाय जमिनीवरच राहू दे.